पैठणच्या काकांना, बालगंधर्वांच्या निमित्तानं

तीर्थरूप काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईल हातात धरत नाही, त्यामुळे हे पत्र तुमचा नातूच तुम्हाला वाचून दाखवील. मधलं काही गाळायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय. पत्र पोस्टात न टाकता सगळ्यांसमोर लिहितेय, त्यालाही कारण आहे. तुमच्या ओसरीवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही आत बघून काकूंना चहा टाकायला सांगता आणि विषय तिथंच संपतो. इथं मला सगळं बोलता येईल. शिवाय तुमच्यासारखी माणसं मराठवाड्यात आहेत, हे चार लोकांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका करणारे गायक-नट बालगंधर्व, त्यांच्या जयंतीला, 26 जूनला, तालुक्याच्या वाचनालयात त्यांच्या जीवनावर तासाभराचा कार्यक्रम करायचं आम्ही काही शिक्षिकांनी ठरवलं, तेव्हा आमच्या हाताशी फारसं काही नव्हतं. 2011 साली आलेला चित्रपट सगळ्यांनी पाहिला होता. त्यात आनंद भाटे यांनी गायलेली पदं कानात होती. दोन-तीन पदं मी पेटीच्या क्लासला शिकले होते. बाकी मोबाईलवर सापडेल ते. पुण्याकडे अशा कामाला सल्ला देणारी माणसं गल्लोगल्ली भेटत असतील. आमच्याकडं नाट्यसंगीत ऐकायला मिळतं ते दिवाळी पहाटेला बाहेरून कलाकार आले म्हणजे, नाहीतर परभणी आकाशवाणीवर एखादं पद लागलं म्हणजे. जवळ बसवून समजावून सांगणारं माणूस मात्र शोधावं लागतं. एका कीर्तनकार बुवांनी सांगितलं, पैठणला एकनाथांच्या वाड्याजवळ एक निवृत्त सर राहतात, भजनाला पेटी धरतात, त्यांच्याकडं जुन्या तबकड्या आहेत, जाऊन बघा. ना ओळख ना पाळख, भर मे महिन्यात दुपारी आम्ही तुमच्या दारात उभ्या राहिलो. तुम्ही कोण, कुठल्या, कशाला आलात, हे काही न विचारता आधी पाणी दिलंत.

लाईट गेलेली होती. मी मनात म्हटलं, आता काय ऐकणार! तुम्ही पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढलीत आणि कोनाड्यातला चावीचा ग्रामोफोन खाली घेतलात. त्याला कुठं लाईट लागते! मलमलचं धुवट फडकं घेऊन तुम्ही तबकडी पुसलीत, ती रेघांच्या अंगानं, गोल गोल. आडवा हात एकदाही फिरवला नाहीत. जुनी सुई काढून नवी बसवलीत, म्हणालात, एका बाजूला एक सुई, जुनी ठेवली तर ती गाणं खाते. मग चावी दिलीत. आधी खरखर आली, आणि त्या खरखरीतून तो आवाज. वडिलांनी पै पै साठवून घेतलेल्या त्या तबकड्या तुम्ही आमच्यासाठी इतक्या वेळा लावल्यात. प्रत्येक वेळी त्या थोड्या झिजतात हे तुम्हाला माहीत होतं, आणि हे तुम्ही आम्हाला पार शेवटी सांगितलंत.

मी 'नाथ हा माझा' म्हणून दाखवलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "गळा चांगला आहे गं. पण हे गाणं म्हणायलंय कोण? तू का रुक्मिणी?" आणि मग तबकडीवरची तेवढीच ओळ सुई उचलून पुन्हा लावलीत, पुन्हा लावलीत. "बघ, वाक्य पुरं होईस्तवर ते हालत नाहीत. बाई बोलायली आपल्या मनातलं. बोलून झालं, मग तान. तू कामून एवढी घाई करायलीस?"

काका, त्या पहिल्या दुपारी तुम्ही मला जे दिलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. बालगंधर्व मोठे गायक होते हे मला माहीत होतं. ते नट होते आणि त्यांचं गाणं हे नटाचं गाणं होतं, हे तुमच्यामुळे कळलं. 'स्वयंवर' 1916 सालचं. खाडिलकरांचं नाटक, भास्करबुवा बखल्यांच्या चाली. त्यात रुक्मिणीनं कृष्णाला मनानं वरलेलं आहे, आणि तिचा यमन राग त्या भरलेल्या मनातून येतो. यमनाचे स्वर मला येत होते, रुक्मिणी येत नव्हती. तुम्ही लगेच दुसरी तबकडी काढलीत, 'एकच प्याला'मधलं 'कशि या त्यजू पदाला'. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली, लोकांची दळणं दळणारी सिंधू. तोच गळा, पण बाई पार वेगळी. तुम्ही म्हणालात, शालू नेसलेली रुक्मिणी आणि ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू हा एकच माणूस उभी करतो, हे डोळे मिटूनसुद्धा दिसलं पाहिजे. आम्ही डोळे मिटले. दिसलं.

तबकडी तीन मिनिटांची असते हेही तुम्ही समजावलंत. रंगभूमीवर वन्समोअरवर वन्समोअर पडायचे, एकेक पद लांबत जायचं, तबल्याला थिरकवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष. ते सगळं तीन मिनिटांत कसं बसवायचं? काय ठेवायचं, काय सोडायचं? त्या माणसानं तानेला कात्री लावली, शब्दाला नाही, असं तुमचं मत. आता मी ऐकते तेव्हा मलाही ते पटतं. अलीकडं पदं गाणारे पुष्कळ जण नेमकं याच्या उलट करतात, शब्द गिळतात आणि ताना मोजून घेतात. हे माझं मत, तुमच्या नावावर खपवत नाही.

जीवनचरित्र तर तुम्ही पाटावर बसून सांगितलंत, हातात कागद नाही की चिठोरं नाही. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 1888 चा. लहानपणचं गाणं ऐकून लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हटल्याची आठवण. 1905 ला किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश, मग 1913 ला गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. 'मानापमान'चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 चा. त्याच दिवशी त्यांची लेक गेली होती, तरी प्रयोग रद्द केला नाही, नायिका भामिनी होऊन उभे राहिले. हे तुम्ही सांगत होता तेव्हा काकू आतून येऊन चौकटीला टेकून उभ्या राहिल्या होत्या. आमच्यातली एकही जण बोलली नाही. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर केलेलं संयुक्त 'मानापमान' तुम्ही असं सांगितलंत, जणू तिकीट खिशात होतं. खरं तर तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. "पाह्यलं नाही मी त्यांना. नुसतं ऐकलंय. म्हणून ऐकण्यात हयगय करत नाही," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि एका गोष्टीसाठी तुम्ही अडून बसलात, त्याचे आभार वेगळे. कार्यक्रम तासाभराचा, लोक आनंदानं ऐकायला येणार, तर कर्ज, म्हातारपण, हाल हे कशाला, असं आमच्यात काहींचं म्हणणं होतं. तुम्ही सरळ सांगितलंत, मग माझ्याकडून काही नेऊ नका. नेपथ्यावर, शालूंवर, अत्तरावर हात न आखडता खर्च करणारा मालक, कंपनीच्या डोक्यावर झालेलं लाखाच्या घरातलं कर्ज, ते फेडण्यासाठी गावोगाव केलेले प्रयोग, बोलपट आल्यावर ओसरलेली गर्दी, गायिका गोहरबाई कर्नाटकींची साथ आणि त्यावरून लोकांनी धरलेला राग, शेवटी अधू झालेले पाय. हे सगळं सांगा, म्हणालात. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं तेवढंच सांगून थांबलात तर ते अर्धंच सांगणं झालं. 1955 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1964 चं पद्मभूषण, हे मान आले, पण तोवर कंपनी कुठली राहिली होती! 15 जुलै 1967 ला ते गेले. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव दिलं त्याची कोनशिला त्यांच्याच हातची, पण ते उघडलेलं त्यांना पाहता आलं नाही. 1968 साली त्यांच्या जयंतीला ते उघडलं.

पैठणचं माणूस म्हणून तुमचा जीव अडकलेला होता तो 'धर्मात्मा'त. आम्हाला त्याची काहीच कल्पना नव्हती. 1935 साली प्रभात फिल्म कंपनीनं संत एकनाथांवर चित्रपट काढला, शांतारामबापूंनी दिग्दर्शन केलं आणि नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. जन्मभर शालू नेसून उभा राहिलेला माणूस धोतर-उपरण्यात, आणि तोही आपल्या गोदाकाठचा संत होऊन! चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं. सेन्सॉरनं हरकत घेतली आणि 'धर्मात्मा' झालं. अस्पृश्यांना जवळ करणारे, त्यांच्या घरी जेवायला जाणारे नाथ त्या काळात पडद्यावर आणणं ही साधी गोष्ट नव्हती. संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि कृष्णराव म्हणजे फुलंब्रीकर! आपल्या मराठवाड्यातल्या फुलंब्रीचं नाव घेताना तुमचा आवाज चढला होता. लोकांना पुरुषवेषातले बालगंधर्व रुचले नाहीत, प्रभातबरोबरची भागीदारीही पुढं टिकली नाही आणि ते परत रंगभूमीकडं गेले. पण तुम्ही म्हणालात, नाथांच्या गावात या भूमिकेची आठवण कुणीतरी ठेवली पाहिजे. आम्ही ती कार्यक्रमाच्या मधोमध ठेवली. आमच्या पट्ट्यात नाथांचं नाव घेतलं की माणसं सावरून बसतात, तशीच त्या दिवशीही बसली. कार्यक्रम झाल्यावर एक आजोबा पुढं आले आणि त्यांनी 'धर्मात्मा'बद्दलच विचारलं, बाकी कशाबद्दल नाही.

कार्यक्रम कसा झाला ते तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण फोनवर तुम्ही माझ्या चुका विचारत होता, म्हणून चांगलं सांगायचं राहून गेलं. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं, मागं पोरं खिडकीत बसली होती. 'नाथ हा माझा' मी तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी नुसतं बोलल्यासारखं म्हटलं, पेटी अगदी दबकी. वाक्य संपलं आणि मगच वर गेले. पहिल्याच रांगेतल्या मावशींनी "माय गं" म्हटलं ते मला गाता गाता ऐकू आलं. ती दाद तुमची आहे, तुम्ही घ्यायला पाहिजे. सिंधूच्या पदाआधी आमच्या मैत्रिणीनं 'एकच प्याला' लिहिणाऱ्या गडकऱ्यांची हकिगत सांगितली, की 1919 च्या जानेवारीत ते गेले, नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर, आणि पदं लिहिली होती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. लोकांना हे नवीन होतं. कर्जाचा आणि शेवटच्या दिवसांचा भाग आला तेव्हा कुणीही उठून गेलं नाही. तुमचा हट्ट बरोबर होता.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. काकूंसाठी आणलेलं लुगडं सुद्धा तुम्ही परत करायला निघाला होता, त्यांनी ते हातातून काढून घेतलं म्हणून राहिलं. काकू, तुमचे आभार निराळे मानायला पाहिजेत. उन्हाळ्यात पाचसहा बायका घरात येऊन बसायच्या, त्यांना रोज भाकरी-पिठलं, ठेचा, वरून कैरीचं पन्हं. गाण्याचं काम पोटभर जेवून झालं ते तुमच्यामुळे. तुम्ही चौकटीला टेकून जे ऐकायचात, त्यात तुम्हाला पाठ असलेली पदं काकांपेक्षा जास्त आहेत असा मला संशय आहे. पुढच्या वेळी तुमच्याकडून ऐकल्याशिवाय उठणार नाही.

आता कामाचं. तुमच्या परवानगीनं ज्या तबकड्यांचं रेकॉर्डिंग केलं, ते पेनड्राइव्हवर घालून वाचनालयात ठेवलं आहे, कुणालाही बसून ऐकता येतं. प्रत्येक पदापुढं नाटकाचं नाव, भूमिकेचं नाव आणि पद कोणत्या प्रसंगात येतं, हे तुमच्या तोंडचं लिहून काढलं आहे. ते एकदा तपासून द्या. आमच्या शाळेतल्या आठवीच्या दोन मुली पेटी शिकायला तयार आहेत. एकीचा आवाज फार गोड आहे. दसऱ्यानंतर त्यांना घेऊन येते. त्यांना आधी गायला लावू नका, आम्हाला बसवलंत तसं नुसतं ऐकायला बसवा. ग्रामोफोनच्या सुया संपत आल्या आहेत असं तुमचा नातू म्हणाला. कुठं मिळतात ते विचारून ठेवलंय, येताना डबी घेऊन येईन.

काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
ऐकायला बसवलेली विद्यार्थिनी