सुमे, हे फोनवर सांगण्यासारखं नाही

सुमे,

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात पण चालतात. झालं, आता मुद्द्याचं ऐक.

मी एका पोराला उचलून आपटलं. खरंच. इंजिनिअरिंगला असलेला, माझ्यापेक्षा वीतभर उंच. भांडण नव्हतं गं, ज्युदोच्या ट्रायल क्लासला, मॅटवर, सरांनीच सांगितलं म्हणून. पण त्यानंतर मला जे काही वाटलं ते घरात कुणाला सांगता येत नाहीये. तू जिन्याखालचं प्रकरण डोळ्यांनी पाहिलंयस, म्हणून तुला.

डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, तिथून हे सुरू. मुकुंदचं म्हणणं, तू शांत स्वभावाची, योगा कर. मी म्हटलं शिकायचं तर मारामारीच शिकते, आणि मग जी शोधाशोध केली! तायक्वांदो बघून आले, तिथे सगळा खेळ पायांचा, लांब टांगांच्या पोरी समोरच्याच्या डोक्यापर्यंत लाथ नेतात, माझी स्टुलापर्यंत जाते. बॉक्सिंगला हात लांब हवेत, नाहीतर आत घुसताना मार खायची तयारी ठेवा. ऐकिदोचे सर फार गोड, तिथे बहुतेक ठिकाणी स्पर्धा वगैरे भानगडच नाही, समोरच्याचा जोर वळवून त्यालाच खाली न्यायचं. ज्याला सांगितलं तो म्हणाला हेच तुझं. मला तिथे जांभया आल्या.

कराटे मात्र आवडलं. शोतोकान म्हणून कराटेचा एक प्रकार, त्यात काता असतात ना, ठरलेल्या हालचाली एकटीने करायच्या, पहिल्या हेइआन शोदानमध्ये २१ असतात, कुणाला हात लावायचा नाही, कुणी आपल्याला लावत नाही, चुकलं की परत पहिल्यापासून. तुला माहितीय मी कशी आहे, डब्यांची झाकणंसुद्धा एका ओळीत लागतात मला. पण जोडीने करायला लावलं की संपलं, प्रत्येक पंचला 'सॉरी'. समोर आठवीतला मुलगा, शेवटी तोच म्हणाला, काकू, लागत नाहीये, तुम्ही मारा. हस, हस.

ज्युदोचे सर बघताक्षणी म्हणाले, मॅडम, तुमची बॉडी ज्युदोची आहे. म्हणजे बुटकी आणि बुडाला जड, सभ्य भाषेत. उंच माणसाला फेकायचं तर आपली कंबर त्याच्या कमरेखाली जावी लागते आणि मला त्यासाठी फारसं वाकावंच लागत नाही. ज्या कानोंनी १८८२ साली हे सुरू केलं तेही पाच फूट दोन इंचच होते म्हणे. बायकांच्या वजनगटांत मी ७० किलोत जेमतेम बसते, दिवाळीनंतर ७८ मध्ये. आणि अगं त्यांचं ते सिओइ नागे बघितलं तर ती धोबीपछाडच की, आबा अंगणात दादाला शिकवायचे तीच! गोळेश्वरच्या खाशाबांचं सांगायचे, ५७ किलोच्या गटात १९५२ ला हेलसिंकीहून मेडल आणलं, अंगानं काही होत नाही म्हणून. आणि आपल्याला मात्र 'पोरींनो, लांब व्हा'. तू लगेच लांब झालीस, मी माडीवरून बघत बसले तर आईला जाऊन सांगितलंस. विसरले नाहीये मी.

तर त्या पोराला आपटलं तो डाव ओगोशी. एक हात त्याच्या कमरेमागून, दुसऱ्या हातात त्याची बाही, पुढे ओढून त्याला चवड्यांवर आणायचं, वळायचं, कंबर खाली घालायची आणि तो गेला. गेलाच. त्याने पडताना मॅटवर हात आपटला, तसं पडायला सगळ्यात आधी शिकवतात. माझ्या तोंडून सॉरी आलंच नाही सुमे. मी वरून त्याच्याकडे बघत होते आणि डोक्यात एकच, परत. परत एकदा. सर म्हणाले, वा मॅडम, बाही सोडली नाहीत, नीट पडता यावं म्हणून शेवटपर्यंत धरायचीच असते. मी काय त्यासाठी धरली होती?

रात्री झोप नाही. शरीर ज्युदोचं आहे हे दिसतंय, पण स्वभाव कुठला धरायचा, जगाला दिसतो तो की तुला माहितीय तो? कराटेत मी काता घोटत सुखाने म्हातारी होईन. ज्युदोत परक्या माणसाची कॉलर मुठीत धरून रोज झोंबायचं. सर म्हणतात रांदोरीत, म्हणजे जोडीने मोकळं झोंबायच्या सरावात, रागावलेला माणूस आधी पडतो, तो ढकलतो आणि समोरचा तेच ढकलणं वापरतो. असेलही. ट्रायलला तो पोरगा मुद्दाम विरोध करत नव्हता हेही कळतं मला. तरीपण.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंच्या डोळ्याचं नीट झालं ना? चिन्मयला बारावीसाठी माझ्याकडून बेस्ट लक, आणि त्याला उगाच ओरडू नकोस.

उत्तर लिहूनच पाठव, आणि 'कर गं बिनधास्त' असलं नको. जिन्याखाली मला बघून तू घाबरली होतीस का, तेवढं खरं सांग. तीस वर्षांत विचारलं नाही कधी. शनिवारी फी भरायचीय.

तुझी,
वैशी

ता. क. कराटेचा ड्रेस उत्साहात आधीच घेऊन बसले. पातळ असतो, ज्युदोच्या ओढाओढीत टिकणार नाही म्हणतात. तुझ्या धाकटीला होत असेल तर माप कळव.