रिंगरोडच्या आवाजाचं गणित मांडायचंय, मोजायला माणसं हवीत

मानेवाडा चौक ते म्हाळगीनगर रिंगरोडलगत राहणाऱ्या सर्वांना नमस्कार.

रात्री ट्रकांची रांग लागली की खिडक्यांची तावदानं कशी थरथरतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. आपण निवेदनं खूप दिली. पण कोणत्या घराला, किती वाजता, कशामुळे त्रास, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर नसतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपचा आकडा कुणी ग्राह्य धरत नाही.

म्हणून समितीने या पट्ट्याचं संगणकीय मॉडेल करायला घेतलंय. 'नॉइजमॉडेलिंग' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ताशी किती गाड्या, त्यात जड वाहनं किती, वेग, रस्ता डांबरी की सिमेंटचा, इमारतींची उंची, एवढं भरलं की कोणत्या भिंतीवर किती आवाज आदळतो ते निघतं. शिवाय न केलेले उपायही आधी तपासून पाहता येतात. गाड्या निम्म्या झाल्या तरी आवाज उतरतो जेमतेम ३ डेसिबल! मग रात्रीचे ट्रक वळवून किती फरक पडेल? वेग कमी केला तर? रस्त्याकडेला भिंत मागायची, तर तळमजला सुटेल, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची झोप तशीच मोडेल. मागणी काय करायची ते तरी नीट ठरेल.

मात्र त्यातली गणनापद्धत युरोपातली. ती इंजिनाचा आणि टायरचा आवाज धरते, हॉर्नचा नाही. ऑटोला तर तिथे स्वतंत्र रकानाच नाही! (सिग्नल हिरवा होण्याआधीच मागून सुरू होणारा गजर त्यांनी ऐकला नसावा.) त्यामुळे प्रत्यक्ष मोजून मॉडेलचा आकडा ताडून पाहावा लागेल.

त्यासाठी गाड्या मोजणारे हवेत. दर तासाला पंधरा मिनिटं दुचाकी, ऑटो, कार, बस, ट्रक वेगवेगळे मांडायचे. कॉलेजची मुलं आली तर उत्तमच. रस्त्याकडे तोंड असलेली गॅलरी एका रात्रीसाठी कुणी दिली तर मीटर तिथे लावू. दर्जेदार ध्वनिमापक आणि तो तपासायचा कॅलिब्रेटर घ्यायला घरटी २०० रुपये अपेक्षित आहेत, जास्त दिले तर आनंदच. प्रत्येकाला पावती मिळेल. मोजणीचे आकडे आणि नकाशे सगळ्यांसाठी खुले राहतील.

नावं येत्या रविवारपर्यंत समितीच्या कार्यालयात द्या. रात्रपाळीला दोघं-दोघं बसतील, चहा समितीचा.