उंचवट्यांच्या उतारावर मागे झुकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील गुलमर्ग आणि औलीच्या हिवाळी सहलींवरील लेख वाचला. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बर्फ पाहायला जाणाऱ्यांत आता स्कीइंग शिकण्याच्या इराद्याने निघणारी तरुण मुलेही दिसू लागली आहेत, याचा एक क्रीडाशिक्षक म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र लेखातील वर्णन दाबून सपाट केलेल्या उताराचेच होते. आमची मुले गुडघे दुखावून घेतात आणि पुन्हा स्की पायात चढवायची नाही असे ठरवून परततात, ती उंचसखल उतारावरून.

हे उंचवटे बहुधा माणसांच्याच वावराने तयार होतात. एकाच उतारावरून अनेक जण वळणे घेत उतरले की प्रत्येक वळणावर स्कीच्या कडेने बर्फ ढकलला जातो, मागून येणारा त्याच खाचेतून वळतो आणि खाच खोल होत जाऊन शेजारी ढीग साचतो. या ढिगांना ‘मोगल’ म्हणतात. दिल्लीच्या मोगलांशी या शब्दाचा संबंध नाही, तो टेकाड या अर्थाच्या जर्मन बोलीतील शब्दावरून आला असे मानतात. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकपासून मोगल हा पदकाचा क्रीडाप्रकार आहे.

पहिल्यांदा अशा उतारावर उभा राहिलो तेव्हा सोबतच्या वाटाड्याने मला ‘भीती वाटली तर मागे झुका’ असे सांगितले होते. त्याहून घातक सल्ला नसेल. मागे झुकताच भार टाचांवर जातो, स्कीची टोके हलकी होतात, ती वळेनाशी होतात आणि वेग वाढतो. म्हणजे ज्या भीतीने आपण मागे झुकलो तीच खरी ठरते. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकलेली, दोन्ही हात डोळ्यांना दिसतील असे पुढे आणि छाती उताराकडे, ही ठेवण अंगवळणी पडेपर्यंत उंचवट्यांच्या वाटेला जाऊच नये.

नांगरलेल्या काळ्या रानातून डोक्यावर ओझे घेऊन चालणारा आपला शेतकरी आठवावा. पाय ढेकळांवर वरखाली होतात, पण ओझे हलत नाही, कारण सगळे हेलकावे गुडघे आणि कंबर पचवतात. इथेही तेच करायचे असते. उंचवट्यावर चढताना गुडघे पोटाकडे येऊ द्यावेत आणि माथा ओलांडताच पाय खाली लांबवून स्की बर्फाला चिकटलेल्या ठेवाव्यात. वळायचे ते माथ्यावर, कारण तिथे स्कीचा मधला भागच बर्फाला टेकलेला असतो आणि दोन्ही टोके मोकळी असल्याने ती थोड्या जोरातही फिरते. खाचेत मात्र टोके अडकतात. वळल्यानंतर उंचवट्याच्या पलीकडच्या अंगावरून स्की आडव्या घसरवत वेग कमी करावा आणि पुढच्या माथ्यावर पोल (हातातील काठी) टेकवावा. नजर पायांपुढच्या खाचेत अडकली की पुढचे वळण हुकते, म्हणून ती दोन-तीन उंचवटे पुढे हवी.

धीर या क्रमानेच येतो. आधी सौम्य उतारावरचे मोजके उंचवटे आडवे पार करावेत, मग एक वळण घेऊन थांबावे, मग दोन, मग तीन. रात्रीच्या थंडीने हे ढीग सकाळी दगडासारखे कडक असतात. नवख्याने ऊन लागून ते थोडे मऊ होईपर्यंत थांबावे. निघण्यापूर्वी दोन महिने रोज बैठका माराव्यात. तालमीतला हा जुना व्यायाम मांड्यांसाठी फार उपयोगी पडतो, कारण उंचवट्यांवर सर्वांत आधी थकतात त्या मांड्याच.

गुलमर्ग आणि मनाली येथील सरकारी संस्था कित्येक दिवसांचे पद्धतशीर स्कीइंग प्रशिक्षण देतात, तर आपल्याकडच्या बहुतेक सहलींत स्कीइंगसाठी जेमतेम एक दुपार राखलेली असते. तेवढ्या वेळात सपाट उतारावर थांबणेही नीट जमत नाही, तरी उत्साहाच्या भरात मुलांना वर नेले जाते. सहल आयोजकांनी जाहिरातीतच प्रशिक्षणाचे दिवस आणि कोणत्या पातळीच्या उतारावर नेणार ते छापावे, आणि पालकांनी पैसे भरण्यापूर्वी या दोन गोष्टी विचाराव्यात, ही माझी कळकळीची विनंती आपण वाचकांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)