खाणीतलं भूत पुन्हा पाहिलं

मानपाडा, ठाणे

प्रिय सुध्या,

'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेतला तो खाणीचा भाग आठवतोय? दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं, नौपाड्यात तुमच्याकडे अख्खा मजला जमायचा आणि इंग्रजी कुणालाच झेपायचं नाही. जमिनीवरून सरपटत येणाऱ्या त्या गोळ्याला तुझी आजी 'करपलेलं थालीपीठ' म्हणायची.

लेकीने तो शोधून दिला. 'द डेव्हिल इन द डार्क', मूळ प्रक्षेपण 9 मार्च 1967. आपण अर्धी गोष्ट मनानेच रचली होती, म्हणून खरी सांगतो. जेनस सहा ग्रहावर पर्जियम नावाच्या खनिजाच्या खाणी. खडकातून आरपार वाट काढत काहीतरी येतं आणि कामगारांना जाळून टाकतं, पन्नासेक माणसं गेलेली. तो जीव म्हणजे होर्टा. आपल्या शरीरात कार्बनचं जे स्थान, ते तिच्यात सिलिकॉनचं, आणि अंगातल्या आम्लाने ती दगड विरघळवत जाते. खाणवाले जे गोल गोल दगड बिनदिक्कत फोडत होते, ती तिची अंडी!

लहानपणी एक गंमत पार निसटली होती. सुरुवातीला यानावरचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक म्हणतो, जमलं तर जिवंत पकडू. कप्तान कर्क म्हणतो, दिसताक्षणी मारा. पण कर्क एकटा तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा तोच थांबतो, आणि मित्राच्या काळजीने स्पॉक ओरडतो, मारून टाक. तत्त्वाचा माणूस घाबरला की काय होतं, ते दोन मिनिटांत दाखवलंय. लेखक जीन कून. त्या गोळ्याच्या आत यानोश प्रोहास्का नावाचा कसरतपटू रांगत होता, आणि तरी स्पॉक तिच्या मनात शिरून वेदनेने कळवळतो तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. मग मॅकॉय बडबडत, आपण डॉक्टर आहोत गवंडी नाही म्हणत, तिची जखम काँक्रीटने लिंपतो. हे मात्र तेव्हाही हसू आणायचं.

शेवट मला खटकला. सोटे घेऊन आलेले खाणवाले अंड्यांचं कळल्यावर वरमतात, हे ठीक. पण खरी दिलजमाई होते ती पिल्लं फुकटात बोगदे खणतील आणि आपण खनिज उचलू, हा हिशेब जुळल्यावर. होर्टाला खणताच आलं नसतं तर?

आमच्याकडे हा प्रश्न खिडकीबाहेरच आहे. ठाणे-बोरिवली बोगदा इथूनच, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून, दहा किलोमीटरहून लांब निघालाय. वर बिबटे. 2019 साली त्यातला एक ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला, शेजारच्या हॉटेलच्या तळघरात सापडला, बेशुद्ध करून परत नेला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा जे लिहिलं गेलं ते खाणवाल्यांना शोभलं असतं. बिबट्या कुणाला काही खणून देत नाही. म्हणून बोगदा नको, असं मी म्हणत नाही; बोरिवलीला जाताना घोडबंदरवर दोन तास सडणाऱ्याने ते म्हणू नये. पण बिबट्याच्या बाजूने बोलायला फायद्याखेरीज दुसरं काही कारण सापडेना, याची लाज वाटली.

तू उभा जन्म सुरुंग लावण्यात घालवलास. कधी काही फोडायचं थांबवलंयस का? लिहून कळव. फोनवर तू नुसता हो-हो करतोस.

तुझा,
बाळ्या