ओव्हनपाशी उभा राहिलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

घरी मंडळींना पिझ्झ्यासाठी बोलवायचं ठरलं की सगळे आधी वर काय काय घालायचं याची यादी करायला बसतात. तू ती यादी बाजूला सारलीस आणि एकच विचारलंस, "पीठ कधी मळणार?" त्या प्रश्नाबद्दल आभार मानायला हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण तू दिलेली मापं आणि त्यांमागची कारणं अशी संध्याकाळ करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडायला हवीत.

सहा जणांसाठीचं तुझं माप: 1 किलो मैदा, 630 ग्रॅम पाणी, 25 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 ग्रॅम ऑलिव्ह तेल. याचे साधारण 240 ग्रॅमचे सात गोळे होतात. एका गोळ्याचा दहा इंची पिझ्झा आणि सातवा गोळा फाटाफुटीसाठी राखीव. सगळं वजनकाट्यावरच मोजायचं हा तुझा आग्रह अगदी रास्त. कपात मैदा दाबून भरला की सैल भरला, एवढ्यावरच वीस-तीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि मग पीठ कधी घट्ट तर कधी चिकट का होतं ते कळत नाही. पाकिटावर 100 ग्रॅममागे 11 ग्रॅमपेक्षा कमी प्रथिनं लिहिली असतील तर पाणी 600 ग्रॅमवर आणायचं. असा मैदा जास्त पाणी पेलत नाही, गोळा ताणताना मधोमध फाटतो.

तेलाचं कारण तर आम्हाला फारच आवडलं. इटलीतल्या नेपल्सच्या परंपरेत पिठात तेल नसतं: मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, बस्स. तिथली लाकडाची भट्टी 430 अंशांच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. घरचा ओव्हन जेमतेम 250 अंशांपर्यंत जातो, भाजायला आठ मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात तळ वाळून कडक होतो. थोडं तेल त्याला मऊ ठेवतं.

मळण्याबद्दल तू फार बोलला नाहीस, आणि बरोबरच. पाच मिनिटं मळायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं, पुन्हा पाच मिनिटं मळायचं. छोटा तुकडा बोटांनी ताणून पाहायचा. न फाटता त्यातून उजेड दिसला की झालं. तासभर बाहेर, मग गोळे करून तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या डब्यांत, आणि डबे फ्रीजमध्ये 24 तास. थंडाव्यात यीस्ट सावकाश चालतं आणि तेवढ्या अवधीत पिठातल्या स्टार्चची थोडी साखर होते. चव आणि कडेचा तांबूस रंग यातूनच येतो. ज्यांना हे "उगाच एक दिवस आधी" वाटतं, त्यांनी दोन तासांत फुगवलेल्या पिठाचा पिझ्झा शेजारी ठेवून खाऊन पाहावा.

भाजण्याआधी दोन तास गोळे बाहेर काढायचे. गार गोळा ताणला की रबरासारखा मागे येतो. त्याच्याशी झटापट करायची नाही, आणखी दहा मिनिटं झाकून ठेवायचा. लाटणं अजिबात नाही. लाटण्याने कडेची हवा निघून जाते आणि कड बिस्किटासारखी होते. मधून बाहेर बोटांनी दाबत जायचं आणि दीड सेंटीमीटरची कड तशीच सोडायची.

आता पाणी. घरच्या पिझ्झ्याचा मधला भाग ओला राहतो तो बहुतेक वेळा याच्यामुळे. ताजं मोझरेला कापून तासभर चाळणीत निथळायचं. मशरूम आधीच कोरड्या तव्यावर परतून त्यांचं पाणी आटवायचं. सॉस शिजवायचा नाही, डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून 400 ग्रॅमला 4 ग्रॅम मीठ पुरतं. एका पिझ्झ्यावर 60 ग्रॅम सॉस, 80 ग्रॅम चीज. पाहुण्यांचा हात इथेच सैल सुटतो, म्हणून सॉसच्या भांड्यात मोठा डाव ठेवायचाच नाही, एक छोटा चमचा ठेवायचा. ही तुझी युक्ती आम्हाला सगळ्यात जास्त कामी येते. बेसिलची पानं मात्र भाजून झाल्यावरच. आत गेली की काळी पडतात.

पण खरे आभार वेळेच्या हिशेबासाठी. पिझ्झा ज्यावर भाजायचा तो दगड किंवा स्टीलची प्लेट ओव्हनमध्ये पूर्ण आचेवर तासभर तापवायची, कारण ओव्हनचा दिवा आधीच तापल्याचं सांगतो तेव्हा दगड आतून गारच असतो. दगड नसेल तर जाड ट्रे उलटा घालून तापवायचा. एक पिझ्झा आठ मिनिटं, अर्ध्यात एकदा फिरवायचा, मग दगडाला पुन्हा तापायला चार-पाच मिनिटं. म्हणजे सहा पिझ्झ्यांना सव्वा तास. प्रत्येकाने आपापला पिझ्झा खायचा ठरवलं तर पहिल्याचं पोट भरेपर्यंत शेवटचा उपाशी. म्हणून आलेला प्रत्येक पिझ्झा सहा तुकडे करून सगळ्यांत वाटायचा, आणि पुढचा गोळा आधीचा पिझ्झा बाहेर निघाल्यावरच ताणायला घ्यायचा. आधीपासून रचून ठेवला की सॉसचं पाणी पिठात मुरतं आणि पिझ्झा लाकडी पीलला, म्हणजे तो ओव्हनमध्ये सरकवायच्या सपाट फळीला, चिकटतो. पीलवर चिमूटभर रवा भुरभुरायचा, दर अर्ध्या मिनिटाला हलवून पाहायचं, सरकत नसेल तर चिकटलेली बाजू उचलून तिथेच रवा घालायचा. सुका मैदा भसाभस टाकला तर तो दगडावर जळून तळाला कडू चव येते.

भाजलेला पिझ्झा थेट पाटावर ठेवला तर खालच्या वाफेने दोन मिनिटांत मऊ पडतो. त्याला आधी जाळीवर मिनिटभर ठेवायचं, मग कापायचं. एवढ्या बारीक गोष्टीसाठीही तू दर वेळी ओव्हनपासून जाळीपर्यंत स्वतः येत राहिलास, आणि बाकीच्यांना गरम तुकडे हातात घेऊन बसता आलं. तुझा वाटा मात्र बहुतेक वेळा गार झालेला असायचा.

उरलेले गोळे फ्रीजमध्ये आणखी दोन दिवस छान राहतात, हेही तूच सांगितलंस. आज त्यांतले दोन बाहेर काढलेत. सातला ये. ओव्हन आम्ही बघतो, तू बसून खा.

तुझेच,
पिझ्झाच्या संध्याकाळची सगळी मंडळी