मास्तरांचा प्रश्न आणि ‘योल’

पुणे, १४ जानेवारी

प्रिय रम्या,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी “बघू, लिहितो” म्हणून टाळलं. आता खरंच लिहायला बसलोय. संक्रांतीची सुट्टी आहे आणि घरात तिळगुळाच्या वड्या बिघडल्याचा तंटा चालू आहे, तेव्हा खोलीतून बाहेर न पडलेलंच बरं.

तुमच्या शनिवारच्या मंडळात यिल्माझ गुनेईचा तुर्की सिनेमा ‘योल’ लावायचं ठरलं, आणि मास्तरांनी उभं राहून विचारलं की न्यायाधीशाला गोळी घालणाऱ्या माणसाचा सिनेमा आपण पोरांना काय म्हणून दाखवायचा? तू म्हणालास, ते चिडून नाही, शांतपणे बोलले. तिथेच तर पंचाईत आहे. चिडलेल्याला चहा पाजून गप्प करता येतं.

एक कबूल करतो. आपण दोघांनी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता. होस्टेलवर येऊन पहाटेपर्यंत एकच घोकत होतो: तुरुंगात बसून सिनेमा काढला लेका! त्या एका गोष्टीवर आपण इतके फिदा होतो की तो तुरुंगात का होता, हे विचारायची गरजच वाटली नाही. राजकीय कैदी असणार, असं आपणच ठरवून टाकलं.

होता, पण सगळ्या वेळी नाही. यिल्माझ गुनेई १९३७ साली दक्षिण तुर्कस्तानातल्या अदानाजवळच्या येनिजे गावात जन्मला. खरं आडनाव प्युतून. घरचे कुर्द, पोटामागे दक्षिणेत आलेले. अदानाभोवतीचा चुकुरोवाचा सपाट मुलूख म्हणजे कापसाचं आगर. वेचणीच्या हंगामात तिथे लांबलांबून मजुरांच्या टोळ्या येऊन पाल ठोकतात. हा पोरपणी त्याच शेतांतून राबलेला. पुढे सिनेवितरकाकडे रिळांचे डबे पोचवायचं काम धरलं. एक कथा लिहिली म्हणून कम्युनिस्ट प्रचाराचा खटला झाला आणि १९६१ मध्ये दीड वर्ष तुरुंग, वर सहा महिने कोन्याला हद्दपारी. हा पहिला तुरुंग. कथेसाठी!

सुटल्यावर नट झाला. देखणा नव्हता, म्हणून लोकांनीच त्याचं नाव ‘कुरूप राजा’ पाडलं. साठच्या दशकात तो वर्षाला पंधरा-वीस मारधाडीचे सिनेमे करायचा आणि गावोगावचे हमाल, मजूर, ट्रकवाले त्याच्यावर जीव टाकायचे. पडद्यावरचे गोरेगोमटे नायक त्यांच्यासारखे दिसत नव्हते, हा दिसत होता.

मग १९७० साली त्याने ‘उमुत’ केला. उमुत म्हणजे आशा. रम्या, मास्तरांना आधी हा दाखव. अदानाच्या स्टेशनबाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा जब्बार नावाचा टांगेवाला. (टांगा म्हणजे तिकडची फेटन, चार चाकांची. पण तुझे आजोबा पाहिलेल्याला तो टांगाच वाटणार.) घरात बायको, म्हातारी आई आणि पाच पोरं. टॅक्स्या आल्यात, टांग्यात कुणी बसेना, आणि हा लॉटरीची तिकिटं घेतोय. एक दिवस उभ्या टांग्याला मोटार धडकते आणि घोडा मरतो. मोटारवाला पैसेवाला, पोलीस त्याचेच, चूक टांगेवाल्याची ठरते. सावकार दुसरा घोडाही नेतात. शेवटी जब्बार एका मित्राच्या आणि होजाच्या, म्हणजे मुल्लाच्या, नादी लागून नदीकाठी गुप्तधन खणायला जातो. शेवटच्या दृश्यात डोळ्यांवर पट्टी बांधून तो त्या खड्ड्याभोवती गोल गोल फिरत राहतो. बस, तिथेच सिनेमा संपतो.

गंमत बघ, जब्बारचं काम स्वतः गुनेईने केलंय. काल ज्याने पडद्यावर एका दमात दहा जण लोळवले तो आज घोड्याच्या मढ्यापाशी हतबल उभा. त्याच्या नेहमीच्या पब्लिकला काय वाटलं असेल? सरकारला मात्र नक्की कळलं, त्यांनी सिनेमावर बंदी घातली.

१९७१ मध्ये सैन्याने सरकार खाली खेचलं. पुढल्या वर्षी फरारी क्रांतिकारी विद्यार्थ्यांना आसरा दिला म्हणून तो परत आत गेला. १९७४ च्या सार्वत्रिक माफीत सुटला.

आता मास्तरांचा मुद्दा. सुटून काही महिनेच झाले होते. सप्टेंबर १९७४. कापूस वेचणाऱ्यांवरचा ‘एन्दिशे’ करायला तो अदानाकडे गेला होता. युमुर्तालिक या किनाऱ्यावरच्या गावात एका खानावळीत दारू, बाचाबाची, आणि तिथल्या न्यायाधीशाला गोळी लागून मृत्यू. नात्यातल्या एका पोराने गुन्हा अंगावर घेतला, पण कोर्टाने ते मानलं नाही. शिक्षा एकोणीस वर्षं. यात कसलं आलंय राजकारण? गेलेला माणूस कुणाचा जुलमी नव्हता, रात्री जेवायला आलेला माणूस होता. गुनेईचे भक्त इथे नाना तऱ्हा करतात, कट होता म्हणतात, भडकवलं म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या बायकोवर त्याने हात उचलल्याच्या गोष्टीही तिकडे उघड बोलल्या जातात. म्हणून मास्तरांसमोर त्याची वकिली करू नकोस. सरळ सांग, हो, त्याने माणूस मारला.

पण मग पुढचंही सांग. ‘एन्दिशे’ शेरिफ गोरेन नावाच्या सहकाऱ्याने पुरा केला. (एन्दिशे म्हणजे घोर, काळजी. रक्ताच्या वैराची भरपाई फेडायची म्हणून एक वेचणारा संपातही वेचत राहतो. काकूंनी बघावा असा आहे. ओटी भरली की वजनात मारणारा मुकादम त्यांनी लगेच ओळखला असता.) तुरुंगातून गुनेई पटकथा लिहायचा, बारीकसारीक, कॅमेरा कुठे असावा इथपर्यंत. दिग्दर्शक भेटीला येऊन सूचना घेऊन जायचे. इस्तंबूलमध्ये जन्मलेला दिग्दर्शक एलिया कझान हॉलिवुडातून त्याला तुरुंगात भेटून गेला.

असाच झेकी ओक्तेनने १९७८ मध्ये ‘सुरू’ केला. आपलं ‘सुरू’ नव्हे, तुर्कीत त्याचा अर्थ कळप. मेंढपाळ कुटुंब मेंढरं आगगाडीने अंकाराला विकायला नेतं आणि वाटेत प्रत्येक जण लाच म्हणून मेंढरू मागतो. राजधानीत पोचेपर्यंत कळप आणि कुटुंब दोन्ही विस्कटतात, आणि म्हातारा बाप अंकाराच्या रहदारीत पोराला शोधत एकटाच भेलकांडत राहतो. (जाता जाता, ‘दुश्मन’ नावाचाही त्याचा सिनेमा आहे आणि ‘बाबा’ही. यादी वाचताना आपल्याच टुरिंग टॉकीजची पाटी वाचतोय असं वाटतं.)

आणि ‘योल’. वाट. १९८० मध्ये पुन्हा लष्कर आलेलं. पाच कैद्यांना आठवड्याची रजा मिळते, ते आपापल्या गावी निघतात. गुनेईने लिहिला, आधी एर्देन किरालने सुरुवात केली, त्याला काढून गोरेनकडे काम दिलं. काम चालू असताना, १९८१ च्या ऑक्टोबरात, गुनेईला इस्पार्ताच्या तुरुंगातून रजा मिळाली आणि तो परतलाच नाही. होडीने ग्रीस, तिथून पुढे. रजेवर सुटलेल्या कैद्यांचा सिनेमा, आणि लेखक रजेवरून पसार! निगेटिव्ह आधीच देशाबाहेर गेलं होतं, संकलन त्याने स्वित्झर्लंडमध्ये बसून केलं. संगीत झुल्फु लिवानेलीचं, पण नाव खोटं लावलेलं. १९८२ ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, कोस्ता-गाव्रासच्या ‘मिसिंग’सोबत विभागून. मायदेशी तो कायदेशीरपणे लागला थेट १९९९ मध्ये, आणि पडद्यावर येणारं ‘कुर्दिस्तान’ हे नाव काढून.

मी ‘योल’ का लावावा म्हणतो ते आता सांगतो. त्यातला सेयित अली. बायको बदफैली निघाली म्हणून घरच्यांनी तिला आठ महिने साखळीने बांधून ठेवलंय आणि आता ‘न्याय’ याने करायचाय. बर्फातून तो, ती आणि लहान पोर निघतात. थंडीने ती कोसळते. आणि हा, जो तिला मारायला आलेला, कंबरेचा पट्टा काढून तिला फटके मारायला लागतो, तिने झोपू नये म्हणून, जगावी म्हणून. पोरगंही हात उचलतं. दृश्य बघताना कळत नाही की हे मारणं आहे की वाचवणं. त्या पाचही जणांना सरकारने चिरडलंय, पण जे घरी पोचतात त्यांच्यातल्या काहींना हुकूम चालवायला बायका सापडतात. हे लिहिणारा माणूस साधू नव्हता. त्याला ते घरातून ठाऊक होतं, असं मला हल्ली वाटतं. तो निर्दोष असता तर हा प्रसंग इतका खरा उतरला असता की नाही, मला शंका आहे. यावर मास्तर म्हणतील, मग त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांना हे ऐकवा. बरोबरच म्हणतील, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

शेवटचा ‘दुवार’, १९८३, फ्रान्समध्ये केलेला. ऐकायला आपलं दार, अर्थ मात्र भिंत. अंकाराच्या तुरुंगातल्या पोरांच्या बंडावर. चित्रीकरणात तो लहान पोरांवर कसा ओरडतो हे टिपलेला माहितीपट आहे, तो मला पुरता बघवला नाही. त्याच वर्षी नागरिकत्व गेलं. ९ सप्टेंबर १९८४ ला पॅरिसमध्ये पोटाच्या कर्करोगाने गेला, वय ४७. पेर लाशेझच्या दफनभूमीत पुरलाय.

तेव्हा असं कर. पहिल्या शनिवारी ‘उमुत’, दुसऱ्या शनिवारी ‘योल’. ‘योल’च्या आधी मास्तरांनाच पाच मिनिटं बोलायला दे, त्या न्यायाधीशाबद्दल. मग गोरेनचं, किरालचं, सेयित अली झालेल्या तारिक अकानचं नाव घे, नाहीतर पोरं सगळं श्रेय एकट्याला देऊन मोकळी होतात, आपण दिलं तसं. सबटायटल इंग्रजी आहेत, मागच्या बाकांसाठी तू मोठ्याने मराठीत सांगत जा. फक्त त्या बर्फाच्या प्रसंगात गप्प बस.

प्रत कुरियरने पाठवतोय. मागच्या वेळची डिस्क अजून परत आलेली नाही, हे विसरलेलो नाही. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या