सीमेवर माणसे किती लागतात, याचा हिशेब कायद्यात हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्रीय दलांच्या भरतीची जाहिरात आली की चर्चा एकाच प्रश्नाची होते : जागा किती निघाल्या? नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांनी तो विचारणे बरोबरच आहे. पण तेवढ्याच जागा का निघाल्या, निम्म्या का नाहीत किंवा दुप्पट का नाहीत, हे कोणी विचारत नाही. माझी नोकरी सीमा सुरक्षा दलात झाली, त्यातली बरीच पश्चिम बंगालच्या सीमेवर. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो आहे.

दल उभे राहिले 1 डिसेंबर 1965 रोजी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कच्छमधल्या सरदार चौकीवर हल्ला झाला होता आणि सीमा राज्याराज्यांच्या सशस्त्र पोलिसांवर सोडून भागणार नाही, हे दिल्लीला कळून चुकले होते. दलाचा कायदा 1968 चा. तो चाळून पाहा. गुन्हे, शिक्षा, दलाचे स्वतंत्र न्यायालय यांवर कलमांमागून कलमे आहेत. पहाऱ्यावर झोपलेल्या पहारेकऱ्याचे काय करायचे, तेही त्यात आहे. मात्र त्या पहाऱ्यावर मुळात किती पहारेकरी हवेत, ते कोणी आणि कशावरून ठरवायचे, संसदेला कधी सांगायचे, याबद्दल चकार शब्द नाही. दलाची रचना नियमांनुसार होईल, एवढे म्हणून कायदा मोकळा झाला.

बाहेरच्या माणसाला वाटते, लांबी बघायची आणि माणसे वाटून टाकायची. बांगलादेशची सीमा 4,096 किलोमीटर, भागाकार केला की झाले! प्रत्यक्षात एका गेटचे काम सांगतो. बंगालात कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे नेमक्या सीमारेषेवर नसते, साधारण 150 यार्ड आत असते. पलीकडची जमीन भारताचीच, आपल्याच शेतकऱ्याची. त्याला शेतात जाता यावे म्हणून कुंपणात गेट असते आणि ते ठरलेल्या वेळी उघडायचे. शेतकरी रांगेने येतात, ओळखपत्र जमा करतात. रजिस्टरात नाव चढवायचे, बैल मोजायचे, खताचे पोते आणि जेवणाचा डबा उघडून बघायचा. बाई असेल तर झडतीला महिला कॉन्स्टेबलच लागते. ती नसेल तर त्या बाईचा खोळंबा. ही माणसे पलीकडे असेपर्यंत कोणीतरी नजर ठेवून उभे राहायचे आणि परतताना एकेक ओळखपत्र देत डोकी जुळवायची. एक डोके कमी भरले की अंधार पडेपर्यंत सगळ्यांची धावपळ. पावसाळ्यात ताग डोक्याच्या वर जातो, दहा पावलांवरचे दिसत नाही, मग त्याच पट्ट्यात जास्त माणसे लावावी लागतात. ताग कापला की कमी पुरतात, आणि हिवाळ्यातल्या धुक्यात पुन्हा जास्त. नदीचा पट्टा आला की कुंपणच संपते. तिथे बोट हवी आणि ती चालवणारा शिकलेला माणूसही.

हे सगळे मोजता येते, आणि प्रत्येक चौकीवर रोजचा ड्युटी चार्ट लावणारा माणूस ते मोजतच असतो. दिल्लीत पदे मंजूर होताना हा हिशेब धरला जातो की नाही, हे मात्र बाहेर कोणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट नफरीची, म्हणजे माणसांच्या संख्येची. कागदावरची नफरी आणि पहाऱ्यावर उभी राहणारी नफरी यांच्यामध्ये रजा, ट्रेनिंग, आजारपण, कोर्टाची तारीख, लंगर (स्वयंपाकघराची ड्युटी) आणि बंदोबस्त एवढे सगळे बसलेले असते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीसाठी आयोगाने केंद्रीय दलांच्या 3,400 कंपन्या, म्हणजे जवानांच्या तुकड्या, मागितल्या होत्या. निवडणुका नीट व्हायलाच हव्यात, पण त्या कंपन्या कुठल्यातरी कामावरूनच उचलाव्या लागतात. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर किंवा त्र्यंबकला केंद्रीय दलाचे जवान दिसले, तर ते कुठून काढून आणले, हा प्रश्न आपल्यालाही पडायला हरकत नाही.

2024 च्या हिवाळी अधिवेशनात सरकारने राज्यसभेत सांगितले की 30 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्स मिळून 1,00,204 पदे रिक्त होती. त्यांपैकी सीमा सुरक्षा दलाची 12,808. अडीच लाखांहून मोठ्या दलात एवढे चालायचेच, असे कोणी म्हणेल, आणि मीही फार वाद घालणार नाही. माझा रोख मंजूर पदांवर आहे. 2019 मध्ये गृहमंत्र्यांनी जवानाला वर्षातले 100 दिवस कुटुंबासोबत मिळावेत असे जाहीर केले. उत्तम घोषणा. पण 100 दिवस माणूस घरी गेला की उरले 265. म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायची तर पगारपत्रकावर जवळपास 1.4 माणसे हवीत, आणि यात आजारपण धरलेलेच नाही. तेवढी पदे वाढवली का? सांगण्याची कायदेशीर सक्ती कोणावर नाही. त्याच अधिवेशनात या दलांमधल्या पाच वर्षांतल्या 730 आत्महत्यांचाही आकडा आला. प्रत्येक आत्महत्येला रजाच कारणीभूत असते असे मुळीच नाही. तरी आकडा वाचून मन सुन्न झाले.

अमेरिकेत यावर दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, अर्थसंकल्पी कायद्यात बॉर्डर पेट्रोल या सीमेवर गस्त घालणाऱ्या दलासाठी किमान 21,370 जवानांचा आकडाच घालून दिला होता. 2016 आणि 2017 मध्ये प्रत्यक्ष संख्या वीस हजारांच्याही खाली होती. कायदा कायद्याच्या जागी, रिकाम्या खुर्च्या खुर्च्यांच्या जागी. बंदरे, विमानतळ आणि रस्त्यावरच्या प्रवेशनाक्यांसाठी मात्र त्यांनी वेगळी वाट धरली. किती प्रवासी आणि किती ट्रक येतात, एकेकाला तपासायला किती वेळ लागतो, यावरून किती अधिकारी लागतील ते काढायचे. तो हिशेब पुरा होईपर्यंत दरवर्षी किमान 600 नवे अधिकारी घ्यावेत, असे विधेयक 2021 मध्ये तिथल्या सिनेटमध्ये मांडले गेले. मला त्यातला 600 महत्त्वाचा वाटत नाही, आधीचा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

आपणही आकडा कायद्यात बांधू नये. 1968 च्या कायद्यात एक कलम घालावे : दलाने दर तीन वर्षांनी कामाच्या मोजमापावर आधारित मनुष्यबळाचा आराखडा करावा, त्यात रजा, ट्रेनिंग आणि बंदोबस्ताची वजावट वेगळी दाखवावी, आणि तो संसदेपुढे ठेवावा. कुठल्या चौकीवर किती माणसे, हे गुप्त राहायलाच हवे. तो भाग गृह खात्याच्या स्थायी समितीने बंद दाराआड पाहावा. एकूण गोळाबेरीज सांगायला शत्रूची भीती नाही. रिक्त पदांचे आकडे सरकार आजही सभागृहात देतेच.

याचा फायदा मैदानावरच्या पोरांनाही आहे. केंद्रीय दलांच्या 2018 च्या जीडी (जनरल ड्युटी कॉन्स्टेबल) भरतीत मेडिकल पास होऊनही नेमणूक न मिळालेली मुले-मुली 2022 च्या उन्हाळ्यात नागपूरहून दिल्लीला पायी निघाली होती. जागा शिल्लक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे खरे होते की खोटे, हे पडताळायला लोकांपुढे एकही आराखडा नव्हता. आता ही परीक्षा मराठीतही देता येते, त्यामुळे सिन्नर-चांदवडकडची पोरे आणखी जोमाने उतरतील. वयोमर्यादा संपेपर्यंत किती जाहिराती येतील, याचा थोडा तरी अंदाज त्यांना मिळायला नको?

नाशिक, दिंडोरी आणि मालेगाव-बागलाणपुरता धुळे, असे तीन लोकसभा मतदारसंघ आपल्या जिल्ह्याला लागतात. तिथल्या तीन खासदारांपैकी कोणीही हे खासगी विधेयक म्हणून शुक्रवारी मांडू शकतो. 1970 नंतर असे एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही, हे मला माहीत आहे. पण चर्चेला आले तर मंत्र्यांना उठून उत्तर द्यावे लागते, आणि ते इतिवृत्तात राहते. मसुदा फार तर दीड पानाचा होईल. हवा असेल तर मी मराठीत लिहून देतो, इंग्रजी त्यांनी करून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त सीमा प्रहरी
पाथर्डी फाटा, नाशिक